मेव्हणीने गिळलेली डिस्क

कॉम्प्युटरवाल्या बाईंनी सख्ख्या मेहुण्याची अख्खी हार्ड डिस्क गिळली, ही कुजबुज आमच्या गल्लीत दोन वर्षं सुखाने नांदली. त्यातल्या चार घरांत ती मीच पोचवली, हे कबूल करतो. फुकटच्या सेवेत मी कधी कसूर केली नाही.

बाईंचं दुकान माझ्या दारासमोरच. टेबलावर पोट उघडून पडलेली यंत्रं, बरणीत स्क्रू आणि भिंतीवर स्वहस्ते लिहिलेली पाटी: 'वाचल्याशिवाय होय म्हणू नये.' न वाचता बटण दाबून आलेल्या गिऱ्हाइकाला बाई काही बोलत नसत. चष्म्यावरून नुसतं पाटीकडे बघत. भलेभले मान खाली घालत.

मेहुणे म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. लग्नांचे फोटो काढायचे. फोटोंना जागा पुरेना, म्हणून त्यांनी एकेक टेराबाइटच्या दोन डिस्क आणल्या.

"दोन्ही जोडून एकच मोठं दालन कर."

"भाऊजी, ते स्पॅन्ड व्हॉल्यूम झालं. मधली भिंत पाडल्यासारखं. एक डिस्क मेली की सगळंच गेलं. त्यापेक्षा दोन वेगळे व्हॉल्यूम करा, नाहीतर मिरर. मिररमध्ये एकीवर लिहिलेलं दुसरीवरही उमटतं. जागा मात्र एकीचीच."

"दोन घेऊन एकीची जागा? मी मेहुणा आहे तुझा, वेडा नाही."

"दोन्ही एकदम असता येतं, भाऊजी," म्हणत बाईंनी स्पॅन्ड करायला घेतलं.

वीस वर्षांचे फोटो भरून झाल्यावर मेहुणे परत आले. एकूण जागा एकच टेराबाइट दिसत होती. बाईंनी पडद्यावर पाहिलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"डिस्क दोन्ही आत आहेत. राहू द्या तसंच."

"मग दुसरीची जागा कुठे गेली?"

बाई बरणीतले स्क्रू मोजायला लागल्या. थोरलीने बोलणं टाकलं. दिवसातून तीनदा वाजणारा फोन मुका झाला. बाई फोनकडे बघायच्या, मी बाईंकडे.

मग ऐन लग्नसराईत मेहुणे सीपीयू तान्ह्या बाळासारखा कवटाळून आले. एक डिस्क टकटक करून मेली होती. आठ लग्नांचे फोटो आत, आठही वधूपिते वाट बघत. बाईंनी मेलेली डिस्क काढली आणि यंत्र चालू केलं. आठही नवऱ्या पडद्यावर हसत उभ्या.

"गेली ती कुठली मग?" मेहुण्यांनी विचारलं.

"ती तुमची. ही माझ्या पोटातली."

संध्याकाळच्या आत थोरलीचा फोन आला आणि तासभर संपला नाही. मेहुण्यांनी मेव्हणीच्या दूरदृष्टीचे गोडवे गावभर गायले. मीही गायलो असतो, पण चहा पिता पिता बाई मला खरं सांगून बसल्या.

डिस्क दोन्ही सीपीयूतच होत्या. स्पॅन्डऐवजी मिररवर बाईंनी न वाचता होय म्हटलं होतं, आणि त्या पाटीखाली बसून ते सांगायची त्यांना लाज वाटली.