तलाव कोणी खोदला?

केशोरीजवळच्या ज्या गावात मी जन्मभर इतिहास शिकवला, तिथल्या तलावावर पाटी लावायचं ठरलं आणि मजकूर माझ्याकडे आला. दुसरं कोण लिहिणार म्हणा! या मुलखातला एकेक तलाव मी पायाखाली घातलाय. मी लिहिलं, 'हा तलाव या गावाने खोदला.'

सरपंच माझ्याच हाताखाली शिकलेला. वाचून नाराज झाला. पाहुणे यायला हवेत, मोबाइलवर फोटो निघायला हवेत, तर राजाचं नाव पाहिजे म्हणाला. कोणता राजा, असं विचारलं तर म्हणे तुम्हीच एखादा बघा. असा संताप आला! राजे काय बाजारातली वांगी आहेत, निवडून घ्यायला? पोरांना कधी पुराव्याशिवाय बोलू दिलं नाही, आणि आता दगडावर खोटं कोरू?

ग्रामसभेत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "गुरुजी, तुमी बोदलकसाकडचे. आमच्या तलावाचं तुमाले काय?"

ते मात्र लागलं. उभी हयात इथे गेली, तरी मी बाहेरचाच. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. पुरावा हवा ना, मग हातच्या कांकणाला आरसा कशाला, चला तलावावर, असं म्हणून मी निघालोच. मागोमाग सगळी सभा आली.

तलावाचं पाणी अडवणारा मातीचा बांध म्हणजे पाळ. दर उन्हाळ्यात इथलं प्रत्येक घर पाळीच्या आपापल्या तुकड्यावर माती टाकतं. कोणाचा तुकडा कोणता, हे कुठेच लिहिलेलं नाही. बाप मुलाला दाखवतो, सासू सुनेला. मी एवढंच सांगितलं की ज्याने त्याने आपल्या तुकड्यावर उभं राहावं.

कोणी कोणाला विचारलं नाही. बघता बघता पाळ माणसांनी भरली. सरपंचही चिंचेजवळच्या आपल्या तुकड्यावर जाऊन उभा राहिला. राजाने खोदला असता तर घराघराला वाटे कशाला आले असते, असं मी खालूनच त्याला विचारलं. तो मान खाली घालून हसला. पाटी तुमचीच लागेल म्हणाला.

जिंकलो होतो, पण पाळीखाली मी एकटाच होतो. तेवढ्यात एका म्हातारीने आपल्या शेजारच्या मोकळ्या तुकड्याकडे बोट दाखवलं. त्या घरात आता कोणी उरलेलं नव्हतं.

"गुरुजी, तिकडं काऊन उभे राहून राहिले? हे जागा तुमची."

चढताना डोळे भरून आले. तुकडा चांगलाच खचलेला होता, आणि येत्या उन्हाळ्यात तिथली माती मलाच टाकायची होती.