लाल दोऱ्याचं फडकं

ये गं शोभा, अशी जवळ बस. लांबून ऐकायची सवय लागलीय तुला. फोन केला की ‘बघते काकू, सुट्टी मिळाली की येते’ म्हणतेस अन् ठेवून देतेस. आई गेल्यावर तेराव्यापर्यंत राहिलीस, त्याला दोन महिने होऊन गेले, परत या दाराला पाय लागला नाही तुझा. म्हणून हे पुरवणीला लिहून पाठवतेय. पेपरात आलं तर शेवटपर्यंत वाचशील तरी. मधेच ठेवून देता येणार नाही…

तुझी आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सगळ्या गल्लीच्या कौसाअक्का. आमच्या दोन घरांत एक भिंत अन् एकच नळ, त्याला पाणी आठ दिवसांनी. त्या सकाळी नळ आला, तोटीनं आधी नुसती हवा सोडली, मग लाल पाणी. एरवी त्या आवाजाला अक्कांची घागर माझ्याआधी तोटीखाली लागलेली असायची. मी भिंतीवरून हाक मारली, “अक्का, नळ आलाय हो! झोपलात का काय?” उत्तर नाही. पाणी आलंय अन् अक्का अंथरुणात, असं इतक्या वर्षांत कधी घडलं नव्हतं. जाऊन बघते तर… चेहरा शांत होता. उशाशी धुऊन वाळवलेलं फडकं घडी करून ठेवलेलं, पाण्यासाठी तयार. नळ तसाच वाहत राहिला, पुढं कुणी बंद केला ते आठवत नाही.

त्या फडक्याचंच तुला सांगायचं आहे. तुझ्या वडलांच्या जुन्या धोतराचं ते, चार पदरी शिवलेलं, अन् एका कोपऱ्याला, एकाच बाजूनं दिसतील असे, लाल दोऱ्याचे दोन टाके. लाल दोरा कायम वर. गाळ ज्या बाजूला बसला तीच बाजू पुढच्या घागरीवरही वर यायला पाहिजे, उलटं पडलं तर सगळा गाळ धुऊन पाण्यातच. मी नवी नवरी होते तेव्हा नळ नव्हता, विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायचो. घाईत एकदा फडकं उलटं टाकलं, तर अक्कांनी भरलेली घागर माझ्यादेखत मोरीत ओतली! मी रडकुंडीला आले. तेव्हा त्यांनी लुगडं जरा वर करून घोट्यावरचा व्रण दाखवला. त्यांचं माहेर नळदुर्गकडचं. पायऱ्या उतरून बारवेतलं पाणी भरायचे अन् तसंच प्यायचे. त्या पाण्यातून लहानपणी नारू झालेला, म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा, पायातून बाहेर येणारा. “काडीला गुंडाळून रोज बोटभर वडायचे,” म्हणाल्या. “वडताना तुटला तर पाय सडायचा. लई रडले म्या. माझ्या घरात बिनगाळलेलं पाणी कुणी पेणार न्हाय.” नारू आता कुठं ऐकू येत नाही. अक्कांचं फडकं मात्र सुटलं नाही.

मग तू पुण्याहून फिल्टर आणलास. लाइट नसली तरी चालावा म्हणून दोन टाक्यांचा, वर पाणी ओतायचं अन् पांढऱ्या कांडीतून झिरपून ते खाली यायचं. अक्कांनी तो किती मिरवला, तुला ठाऊक नाही! दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा तांब्या पुढं करायच्या, “प्या, लेकीच्या फिल्टरचं हाय.” डाळभात त्याच पाण्याचा, चहाही त्याचाच.

अन् दिवाळीला तू आलीस ती नेमकी नळ आला तेव्हा. अक्का घागरीच्या तोंडाला फडकं बांधत होत्या.

“आई, अजून हे फडकं? मग मी आणलेला फिल्टर काय पूजेला ठेवलाय?”

“वापरते की गं.”

“दिसतंय ना वापरतेस ते! माझ्या हातचं तुला काही पटतच नाही.”

अक्कांनी फडक्याची गाठ आवळली अन् घागर तोटीखाली सरकवली. मी बादली धरून तिथंच उभी होते गं. शब्द ओठावर आला होता, पण मायलेकीत आपण कशाला पडा म्हणून गिळला.

तू गेल्यावर मी म्हटलं, “अक्का, सांगायचं होतं की तिला.”

“काय सांगू? नळाचं लाल पाणी तसंच वतलं तर कांडीवर चिखल बसतोय. लेकरानं एवढ्या लांबून आणलं, त्याला गाळ कशाला पाजू? आदी फडक्यातनं, मग फिल्टरमदी.”

“मग हेच सांगा फोनवर.”

“फोनवर काय कळायलंय? पुढच्या बारीला आली की झाकण उघडून दावते, कांडी कशी ठेवलीय ते.”

पुढच्या बारीला तू आलीस, तेव्हा दाखवणारी उरली नव्हती. अन् तेराव्यानंतर निघताना उंबऱ्यात मला म्हणालीस, “काकू, आईनं माझं शेवटपर्यंत काही घेतलं नाही.” तेव्हा तरी बोलायचं ना मी… घर पाहुण्यांनी भरलेलं, तुझी गाडी दारात. दुसऱ्यांदा गिळलं.

थकले गं मी. गुडघे ऐकत नाहीत, घागर कमरेवर चढत नाही. आठ दिवस नळाची वाट बघायची अन् आला की धावायचं, याचाही वीट आलाय. तरी पाणी आलं की अक्कांच्या घराचं कुलूप काढते, एका घागरीपुरतं फडकं बांधते, गाळून तुझ्या फिल्टरमध्ये ओतते. पिणारं कुणी नाही, तरी. मागच्या पाळीला फडकं उलटं पडलं. ओतून झाल्यावर ध्यानात आलं. घागर मोरीत रिकामी केली अन् तिथंच बसून राहिले. रागावणारं कुणी नव्हतं…

तुझा बघून मीही तसलाच फिल्टर घेतला होता, पण त्यात मी कधी गाळून ओतलं नाही. घासून घासून त्याची कांडी खडूएवढी झाली, दोनदा ढोकीच्या बाजारातून नवी आणली. तुझ्या आईची कांडी पहिलीच आहे. कशी आहे ते मी लिहिणार नाही. अक्कांना ते झाकण तुझ्यासमोर उघडायचं होतं, ते तूच येऊन उघड.

नळ गुरुवारी येतो. कुठल्याही गुरुवारी ये, पण लवकर ये, बाई. मला आता लाल दोरा नीट दिसत नाही.