घाटघरच्या भाताचा पाथ

जुन्या भातांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी काही वर्षं कॉम्प्युटरवर बसत होतो. ऑफिस ओतूरच्या एसटी स्टँडजवळ, एका दुकानाच्या वर. आमचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की बनवणाऱ्यांनीही त्याचा नाद सोडला होता. आमच्या सगळ्या नोंदी त्यातच असल्यामुळे आम्हाला मात्र तो सोडता येत नव्हता.

साहेबांना शिस्त फार प्रिय. फोटो अस्ताव्यस्त पडलेत, नीट फोल्डर करा, असं त्यांनी एका बैठकीत सांगितलं. त्याप्रमाणे आधी संस्थेचं पूर्ण नाव, त्याच्या आत प्रकल्पाचं पूर्ण नाव (ते म्हणजे अख्खं एक वाक्यच होतं), मग जिल्हा, तालुका, गाव, वाडी, घर आणि तळाशी भाताची जात, अशी मी उतरंड लावली. साहेब पाहून प्रसन्न झाले.

त्यानंतर घाटघरकडच्या वाड्यांचे फोटो उघडेनात. सडकेवरची गावं झकास दिसायची. शोधता शोधता उमगलं की फाइलचा पत्ता, म्हणजे पाथ, हे सॉफ्टवेअर ठरावीक अक्षरांपर्यंतच वाचतं आणि पुढचं सोडून देतं. सरळ गावात राहणाऱ्यांचे पत्ते त्यात बसत होते. वाडीवाल्यांचे बाहेर राहत होते.

त्याच सुमारास घाटघरच्या एका वाडीतली मावशी बाजाराला आली होती. तिच्या भाताचे फोटो आम्हीच काढले होते. ते बघायला ती जिना चढून वर आली. मी ओशाळून सांगितलं की फोटो आहे, पण तिथवर पोचायचा रस्ता कॉम्प्युटरला लांब पडतोय.

"आमच्याकडं यायला समद्यांलाच लांब पडतं, भाऊ," ती म्हणाली. "मी बसते. निगाला की दावा."

मी साहेबांकडे गेलो आणि प्रकल्पाचं नाव थोडं कमी करू का, असं विचारलं. ते म्हणाले, नावाला हात लावायचा नाही, पैसे देणारे तेच बघतात. वाडी काढून टाका. वाडी काढली तर भात कुणाचा ते कसं कळणार, असं मी म्हणालो.

"तालुका कळतोय ना?" साहेब म्हणाले.

मी जागेवर परत आलो आणि सगळे जिल्हे उचलून एका अक्षराच्या फोल्डरमध्ये टाकले. सॉफ्टवेअरला नवा, आखूड पत्ता दिला. मग त्या फोल्डरचा शॉर्टकट स्क्रीनच्या मधोमध ठेवून त्याला प्रकल्पाचं संपूर्ण नाव दिलं. साहेबांनी येऊन ते एकदा वाचलं, मान डोलावली आणि चहा सांगितला.

मावशीचा फोटो उघडला. ओंजळीत भात धरून ती अंगणात उभी होती. तिने खुर्ची पुढे ओढून बराच वेळ निरखलं.

"भात चांगला आलाय," ती म्हणाली. "माझा पदर नीट न्हाई. परत काढा."

त्यासाठी मला पुढच्या आठवड्यात घाटघरला जावं लागलं.