कोयीच्या खळीची घोंगडी

खुटबावच्या सगुणाबाई लग्नाच्या पंगतीनंतर उकिरड्यावरच्या आंब्याच्या कोयी वेचत होत्या. शेजारच्या साखरबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय गं, आमरस गावानं खाल्ला आन् कोयी चोखायला तू?"

"खळ करायचीय," सगुणाबाई म्हणाल्या. त्या एवढंच बोलतात. बाकीचं सगळं साखरबाई बोलतात.

खळ घोंगडीसाठी होती. घोंगडी विणणार होते सगुणाबाईंचे नवरे, भैरूआबा. मेंढरं विकली तेव्हा आबांनी कोकरांची पहिली पांढरी लोकर तेवढी मागं ठेवली. त्यांच्या घरात प्रत्येक पिढीनं बिरोबाला एक पांढरी घोंगडी हातानं विणून द्यायची. आबांची राहिली होती, आणि काचबिंदूनं डोळे गेले होते. "बोटं बघत्यात की," आबा म्हणायचे, मान तिरकी करून, सूत कानानं ऐकल्यागत.

उभ्या सुताला खळ लावली नाही तर ते मागावर तुटतं. खळ लागते चिंचोक्यांची. पण गावची चिंच रस्तारुंदीत गेली, आणि तळेगावच्या बाजारात व्यापारी नाकातनं बोलला, "चिंचोकं कंपनीवाले पोत्यानं उचलत्यात, मावशी. मूठभर कुठनं देऊ?"

म्हणून कोयी. सगुणाबाईंनी त्या वाळवून फोडल्या. आतला गर कुरडयांच्या गव्हासारखा तीन दिवस भिजवला, वाटला, फडक्यानं गाळला. परातीच्या तळाला पांढरंशुभ्र सत्त्व बसलं. ते त्यांनी शिजवलं मात्र लोखंडी कढईत, कारण सासूबाई चिंचोके त्याच कढईत शिजवायच्या. कोयीचा तुरटपणा लोखंडाला लागला आणि खळ काळी पडली. चिंचोक्याची तरी कुठं पांढरी असते, धुतली की जाते, असं त्यांना वाटलं.

आबा अकरा दिवस विणत होते. मग सगुणाबाईंनी घोंगडी कालव्यावर धुतली. खळ गेली, काळं गेलं नाही. रिठा झाला, सोडा झाला, बोटं सोलली.

साखरबाई हळूच म्हणाल्या, "सांगू नगं. त्यांना कुठं दिसतंय?"

घरी आबांनी विचारलं, "पांढरी झाली?"

"व्हय."

बिरोबाच्या जत्रेच्या सकाळी मुलगा सुरज रांजणगावच्या कारखान्यातली पाळी संपवून आला. घोंगडी गाडीला बांधायला उचलली आणि म्हणाला, "आबा, देवाला काळी चालती व्हय?"

आबांनी हात पुढं केला. सुरजनं घोंगडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"धुतली तवापासनं," सगुणाबाई म्हणाल्या.

"लोकर उरलीय?"

"न्हाई."

"मग आज देवाम्होरं काय घिऊन जाऊ?"

सगुणाबाईंनी पदर तोंडात धरला. सुरज गाडीची चावी हातात घेऊन तसाच उभा. आबांची बोटं कडेकडेनं फिरत राहिली. वीण शेवटापर्यंत एकसारखी होती. एकही सूत तुटलं नव्हतं.