त्र्यंबकगुरुजींचा मंगळ

पत्रिका दाखवायला कोणी मुलाला घेऊन आलं, की त्र्यंबकगुरुजी आधी मुलाच्या बापाला घराबाहेर काढत. बाप वकील असो, देशमुख असो, की शाळेचा हेडमास्तर असो. "तुमी अंबादेवीचं दर्शन घेऊन या, तवर मी मुलाचा हात पाहतो," एवढं म्हणायचं आणि स्वतःच त्याच्या चपला उंबऱ्याकडे वळवून ठेवायच्या. बाप निघून गेला की मुलाचा हात हातात घ्यायचे, पण त्याच्याकडे बघायचे मात्र नाहीत. विचारायचे, "लग्न करायचं हाये का तुले? खरं सांग. बाप देवळात गेला." बहुतेक मुलं लाजून हसत. मग गुरुजीही मुकाट्याने पंचांग उघडत. एखादा मात्र हसत नसे.

मी हसलो नव्हतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझे वडील अमरावतीला वकिली करत आणि मी नुकताच एका हायस्कुलात गणित शिकवायला लागलो होतो. गुरुजींनी विचारलं, मनात दुसरी कोणी आहे का? मी नाही म्हणालो. त्यांनी त्याच सुरात, जांभई दाबत विचारलं, "दुसरा कोणी?" आणि मला रडू फुटलं. मला मुलगे आवडतात, मुली नाहीत, हे तोवर मी स्वतःशीसुद्धा शब्दांत बोललो नव्हतो. गुरुजींनी पाठीवरून हात फिरवला नाही की धीराचे चार शब्द बोलले नाहीत. "रडून घे, पण देऊळ जवळ हाये. तुहा बाप येईलच," एवढंच म्हणाले.

वडील प्रसाद घेऊन परतले तेव्हा गुरुजींनी त्यांना सांगितलं, की मुलाला कडक मंगळ आहे, आठव्या घरात, बायकोच्या जिवावर बेतेल, लग्नाची घाई करू नका. वडिलांचं तोंड उतरलं. निघताना गुरुजी मला म्हणाले, "रविवारी दुपारी येत जा. सैपाक शिकाले."

ते उंच होते, हाडकुळे होते आणि कायम थकलेले दिसत. भिंतीला पाठ लावल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे आणि बोलत तेही दिवसाचं शेवटचं वाक्य असल्यासारखं. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची भिक्षुकी. त्यांना ओळखणाऱ्यांनाही एक गोष्ट कधी कळली नाही, ती म्हणजे त्यांचा ज्योतिषावर पूर्ण विश्वास होता. आम्हा मुलांसाठी ते पत्रिकेत नसलेला मंगळ बसवत, हे त्यांच्या दृष्टीने पापच होतं. ज्या दिवशी असं खोटं बोलत, त्या दिवशी रात्री जेवत नसत आणि मंगळाचा जप करत बसत. मला एकदा म्हणाले, "तू वकिलाचा पोरगा, तुले समजंल. मी ग्रहाईले खोटी साक्ष द्यायले लावून राहिलो." मी म्हटलं, मग सोडून द्या. त्यावर त्यांनी डोळे मिटले आणि जपाची माळ पुढे ओढली.

रविवारी त्यांच्या ओसरीवर आम्ही मोजकेच जण जमत असू. कोणी अकोल्याहून येई, कोणी दर्यापूरकडून. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, की गुरुजी पोरांना स्तोत्रं शिकवतात. प्रत्यक्षात त्यांची बायको, कमलाकाकू, आम्हाला भाकरी थापायला शिकवत आणि गुरुजी भिंतीशी बसून जगायचं कसं ते सांगत. त्यात उपदेश नसे, सगळं कामाचंच बोलणं असे. खोली कुठल्या वस्तीत घ्यायची. "लग्न काहून नाही केलं?" असं कोणी विचारलं तर उत्तर काय द्यायचं आणि ते दर वेळी एकच कसं ठेवायचं. घर तोडायचं नाही, पण घराच्या गावात राहायचं नाही. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "आजारी पडला तं पानी कोन देईन, ते आजच ठरवून ठेव." आणि ते नुसतं म्हणून थांबत नसत. जुन्या मुलाला नवा मुलगा नेमून देत. जुन्याने महिन्यातून एकदा नव्याच्या खोलीवर जाऊन यायचंच. बार्शीटाकळीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा प्रल्हाद माझ्या वाट्याला आला. त्याच्या घरी पत्रिकेपेक्षा जमीन बघून सोयरीक करत, त्यामुळे त्याच्यापुढे गुरुजींचा मंगळ चालेना. शेवटी त्यांनी ओळखीपाळखीने त्याला दूर जंगलातल्या सेमाडोहच्या लाकूड डेपोवर कारकून म्हणून चिकटवला. तिथे बोलणी करायला येणार कोण?

हे सगळं ते का करतात, ते त्यांनी एकदा आम्हा सगळ्यांना सांगितलं. काकू शेजारीच पीठ चाळत होत्या. "मी सोळा वर्साचा होतो तवा माहं लगन लावलं," गुरुजी म्हणाले. "हिले कोनी इचारलं नाही, मलेबी इचारलं नाही. पन मले माह्यं माहीत होतं. हिले काहीच माहीत नव्हतं." काकूंनी मान वर केली नाही. चाळण हलवत राहिल्या.

माझा मंगळ बरीच वर्षं बरा चालला. मग अकोल्याच्या जुन्या शहरातून एक मास्तर आमच्या घरी आले. त्यांच्या कुसुमला खरा, कडक मंगळ होता. वय वाढत चाललं होतं, मुलींच्या शाळेत शिकवत होती आणि येईल त्या स्थळाचा नकार ऐकत होती. अमरावतीला वकिलाचा नोकरीवाला मुलगा मंगळामुळे बिनलग्नाचा राहिला आहे, हे कानावर येताच ते पहिल्या गाडीने आले होते. दोघांनाही मंगळ असला की दोष उरत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. गुरुजींना ते सुचलं कसं नाही, कोण जाणे. मुलींना माझ्यापासून लांब ठेवायला त्यांनी जो मंगळ बसवला, तोच एका मुलीला धरून घेऊन आला.

वडिलांना आभाळ ठेंगणं झालं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की मला लग्न करायचं नाही. पोरगा बायकोच्या जिवाला भितो, किती मोठ्या मनाचा आहे, असं त्यांनी चारचौघांत कौतुक केलं. मुहूर्त काढायला बोलावलं ते अर्थातच त्र्यंबकगुरुजींना. बैठकीत दोन्ही पत्रिका मांडीवर घेऊन ते बसले होते. त्यांनी बसवलेला मंगळ खरा धरला, तर कुठल्याही शास्त्र्याला नाव ठेवता आलं नसतं इतक्या त्या जुळत होत्या. उद्या सांगतो म्हणून ते उठले. मी त्यांना सोडायला निघालो, तर वाटेत म्हणाले, "हे दुसरी कमला होऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी गुरुजी, काकू आणि मी बडनेऱ्याहून पॅसेंजरने अकोल्याला गेलो. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरातल्या मास्तरांच्या घरी पोचलो. गुरुजी आणि मी मास्तरांसमोर बसलो, काकू आत कुसुमकडे गेल्या. आत काय बोलणं झालं ते मला पुढे कुसुमनेच सांगितलं. काकू तिला म्हणाल्या, "मुलगा चांगला हाये. तुले मारनार नाही, शिवी देनार नाही. पन त्याचा जीव बाईवर जात नाही, कधी जानारबी नाही. माह्या नवऱ्याचाबी नव्हता. मी सोताच्या घरात पाव्हनी म्हनून म्हातारी झाली."

थोड्या वेळाने कुसुम बाहेर आली. चांगली उंच, सावळी, डोळ्याला डोळा भिडवणारी. बापाला म्हणाली, "आजवर सगळ्यांनी मले नाही म्हटलं. आज मी नाही म्हणून राहिली."

मास्तर भडकले. तुला विचारतो कोण, म्हणाले. तिची वाढलेली वर्षं काढली, तिच्या आईचे कष्ट काढले. तिचं 'नाही' त्या घरात कोणी मोजणारच नव्हतं. ती मात्र उभीच राहिली. मी तोंड उघडलं तर मास्तरांनी मलाही हाताने गप्प केलं. तेव्हा गुरुजी भिंतीला टेकलेली पाठ सोडवून पुढे सरकले. "पोरीले बोलू नका," म्हणाले. "चूक माही हाये. मुलाले मंगळच नाही. माहं गणित चुकलं. कोनत्याबी शास्त्र्याले दाखवा."

मास्तरांनी लगेच दोन घरं पलीकडच्या ज्योतिष्याला बोलावून आणलं. त्याने पत्रिका पाहिली, गुरुजींकडे पाहिलं आणि संकोचत म्हणाला, मंगळ नाहीच. लग्न मोडलं. निघताना कुसुमने गुरुजींना विचारलं, माझा तरी मंगळ खरा आहे का? गुरुजी म्हणाले, हो, खरा आहे. "राहू द्या मंग," ती म्हणाली, "आता त्याच्या आडोशानंच शाळा करीन." तिने तशीच शाळा केली. रिटायर होईपर्यंत.

परतीच्या गाडीत गुरुजी म्हणाले, "आता माह्याजवळ तुह्यासाठी खोटं उरलं नाही." म्हणजे मलाच बोलावं लागणार होतं. घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, त्र्यंबकशास्त्र्याला हे आधीपासून माहीत होतं? मी हो म्हणालो. वडील माझ्याशी कित्येक महिने बोलले नाहीत, पण त्यांनी पुन्हा स्थळ पाहिलं नाही. मनात आणलं असतं तर गुरुजींना त्यांनी गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. तेही केलं नाही. वडिलांबद्दल माझ्या मनात बराच राग होता, त्यातला निम्मा या एका गोष्टीने गेला.

पण बोभाटा व्हायचा तो झालाच. मंगळासारखा मंगळ चुकला म्हणजे त्र्यंबकगुरुजींचं डोकं आता चालत नाही, असं अकोल्यापासून अमरावतीपर्यंत झालं. पत्रिका येईनाशा झाल्या. पत्रिका नाहीत म्हणजे ओसरीवर नवा मुलगाही नाही. लग्नसराईत सनई वाजत असे आणि गुरुजी भिंतीशी एकटे बसलेले दिसत. मी एकदा म्हटलं, आमच्यापायी तुमचं नाव गेलं. "नाव गेलं त्याचं काही नाही रे," ते म्हणाले. "पन कोन्या तरी घरात आज एखादं पोरगं हसलं नसंल. त्याले कोन इचारंल?" आम्ही जुने होतो तेवढे एकमेकांच्या खोल्यांवर जात राहिलो, इतकंच.

साठच्या दशकाच्या मध्यात ते गेले. दुखणं लांबलं नाही. प्रल्हाद सेमाडोहहून आला, कुसुम अकोल्याहून आली. तेराव्याला माणसं पांगल्यावर मी काकूंजवळ बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, त्या दिवशी गुरुजी अकोल्याला आले नसते तर माझं काय झालं असतं.

काकूंनी कुसुमकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुह्यासाठी नव्हते गेले रे ते. माह्यासाठी गेले. पन तवा नवरी मी नव्हती, हे कुसुम होती."