गप्प बसाल तर सोयरीक जाईल

माझ्या बहिणीचं लग्न वीज बचतीपायी मोडता मोडता राहिलं. पत्रिकेवरून, मानपानावरून मोडलेली लग्नं आमच्या पाटण तालुक्यात पुष्कळ आहेत. पण संगणकाने वीज कमी खाल्ली म्हणून सोयरीक जायची वेळ फक्त आमच्या घरावर आली, आणि ती मी आणली.

मी पुण्यात एका कंपनीत संगणकाच्या आतल्या बसवर काम करतो. (आत्या गावभर सांगते, "भाचा बसवर हाय." लोक मला कंडक्टर समजतात.) संगणकातला एक भाग दुसऱ्याशी तारांच्या ज्या रस्त्याने बोलतो, ती बस. बोलणं थांबलं की हा रस्ता झोपतो, तेवढीच वीज वाचते. त्याची झोपही दोन जातींची. एक बसल्या बसल्या काढलेली डुलकी, हाक मारली की लगेच ओ देणारी. दुसरी पांघरूण घेऊन काढलेली. तिच्यात वीज जास्त वाचते, पण उठायला वेळ लागतो. आत्याची दुपारची झोप या दुसऱ्या जातीची. दारात पोस्टमन आला तर तिला जाग येऊन, चष्मा सापडून, "कोण हाय?" बाहेर पडेपर्यंत तो पुढच्या वाडीला पोचलेला असतो.

वडील, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ अण्णा, फौजेतून सुभेदार होऊन परतले. माणूस खोलीतून बाहेर पडला की ते मागोमाग दिवा बंद करतात. (आत दुसरा माणूस असला तरी.) त्यांना खूश करावं म्हणून मी ऑफिसात चाचणीतून बाद झालेला एक बोर्ड घेऊन त्यांना संगणक जोडून दिला. त्याच्या चिपमध्ये माझ्या हातचं खास लिहिलं: माणसाचा आवाज नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे ताबडतोब गाढ झोप.

"अण्णा, काम नसलं की हा आपणहून वीज वाचवतो," मी छाती फुगवून सांगितलं.

"तुझ्यापरास बरा हाय मग," अण्णा म्हणाले.

माझी धाकटी बहीण सायली पाटणला शाळेत शिकवते. तिच्यासाठी विट्याकडचं स्थळ आलं. मुलगा फौजेच्या वर्कशॉपमध्ये, सध्या आसामला. त्याची आई त्याच्याजवळ राहायला गेलेली. दोघांनी एकमेकांना एका लग्नात पाहिलं होतं आणि सायलीचं मन तिथल्या तिथे ठरलं होतं. उरला होता तो त्याच्या आईचा होकार, आणि तो व्हिडिओ कॉलवर मिळायचा होता. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. (ती गोठ्याच्या पत्र्यावर उभं राहिलं की मिळते. बघण्याचा कार्यक्रम पत्र्यावर करायला आत्या तयार नव्हती.) अण्णांच्या संगणकाला मात्र तारेचं इंटरनेट होतं, म्हणून कॉल त्यावरून करायचा ठरला.

"दादा, दुसऱ्या कुणाला मी हो म्हणणार न्हाई," सायलीने मला बाजूला घेऊन सांगितलं. "तेवढं मशीन नीट चालू दे."

सकाळी मी पुण्यातल्या मित्राला कॉल लावून पाहिला. बोलत होतो तोवर सगळं झकास. जरा गप्प बसलो आणि मित्राचं चित्र थिजलं. मी "हॅलो, हॅलो" म्हणत राहिलो तेव्हा कुठे बऱ्याच हाकांनंतर बस उठली. मित्राला तेवढा वेळ तिकडे माझा आ वासलेला चेहरा दिसत होता. खरं तर बसला उठायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागू नये. पण बोर्ड बाद झालेला आणि लिहिणारा मी.

"मग ती झोप बंद कर की," सायली म्हणाली.

"चिपमध्ये आहे. ती बदलायचं उपकरण ऑफिसात आहे."

"तुझा लॅपटॉप?"

"सुट्टीत कुणी काम सांगू नये म्हणून पुण्यात ठेवून आलोय."

सायलीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पंखा आणायला पळालो. म्हटलं, माईकपुढे पंखा लावू, घरघर चालू राहील. पण पंख्याची घरघर ऐकून जागं राहायचं नाही, हेही मीच चिपला शिकवून ठेवलं होतं. शेवटी अण्णा पुढे आले.

"माणूस बोलत ऱ्हायला की हे जागं ऱ्हातंय?"

"हो."

"मग पहारा लावू. आधी मी, मग आक्का, मग तू. गप बसला त्यो पोस्ट सोडून पळाला."

आता बघण्याच्या कार्यक्रमात खरा मान गप्प बसण्यालाच असतो. मुलीने मान खाली घालायची, थोरांनी एक वाक्य बोलून खाकरायचं आणि छताकडे बघायचं. आमच्याकडे मात्र शांतता पसरली की घात होता.

कॉल लागला. पडद्यावर मुलाची आई, शांत चेहऱ्याची बाई. मुलगा संकोचून कॅमेऱ्याबाहेर बसलेला.

"काय शिकवतीस बाळ शाळंत?" त्यांनी विचारलं.

"गणित," म्हणून सायलीने रीतीप्रमाणे खाली पाहिलं, आणि अण्णा सुटले. उसाची तोड, कोयनेचं पाणी, फौजेतली भाजी, शेजाऱ्याच्या म्हशीचं अडलेलं बाळंतपण. बाईंनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं की अण्णा नवी म्हैस काढायचे.

अण्णांचा घसा बसला तशी आत्याने पोस्ट घेतली.

"आमची सायली लय गुणाची हाय," ती म्हणाली, आणि गुण संपले. (ते इतक्यात संपतील असं आम्हालाही वाटलं नव्हतं.) मग तिने अवगुण घेतले. "भाकरी करती, पर कडंला जळती. घोरत न्हाई तशी, घोरतो ह्यो अण्णा. जरा रागीट हाय. एकदा ह्या इंजिनेरला लाटणं फेकून हाणलं. नेम चांगला हाय तिचा."

सायली टेबलाखालून आत्याला चिमटे काढत होती. दर चिमट्याला आत्याला आणखी काही आठवत होतं. अखेर अण्णांनी मला कोपर मारलं.

मला विषय एकच येतो. मी मुलाच्या आईंना बसची झोप समजावायला घेतली. पहिली झोप, दुसरी झोप, उठताना तारेची दोन टोकं एकमेकांची ओळख कशी पटवून घेतात, सगळं रंगून सांगितलं. घसा कोरडा पडला म्हणून घोटभर पाणी प्यायलो आणि पडद्याकडे पाहिलं. बाईंचं चित्र थिजलं होतं. मान कललेली, डोळे मिटलेले.

"गेली," मी तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं. "बस झोपली. आता तिकडे काही ऐकू जात नाही. जरा दम घ्या, मग उठवू."

सायली ताडकन उठली. "वाटोळं केलंस माझं, दादा. मला ह्योच पायजे. आसाम काय, बर्फात चल म्हणला तरी जाईन. आन् त्या मावशींना एक शब्द बोलू दिला न्हाई तुमी कुणी. मला त्यांना इचारायचं हुतं, तिकडं परक्या मुलखात दिसभर एकट्या काय करता, करमतं का तुमाला." आणि ती रडायला लागली.

आयुष्यात तिने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मी ते झोपवून ठेवलं होतं.

तेवढ्यात पडद्यातून एक पुरुषी आवाज आला. "पाव्हणं, लाईन चालूच हाय. सगळं ऐकू आलं. आईचा डोळा लागलाय."

बाहेरून एक हात आला आणि त्याने बाईंचा खांदा हलवला.

"आई, मुलगी इचारतीया, तुला हितं करमतं का."

बाई सायलीकडे बघत राहिल्या. अण्णांनी पहारा देण्यासाठी तोंड उघडलं, ते आत्याने हाताने झाकलं. सायलीचे हुंदके चालू होते, तेवढ्यावर बस जागी राहिली.

"न्हाई गं करमत," त्या म्हणाल्या. "बोलायला कोण न्हाई, रातीला झोप न्हाई. आसामात आल्यापासनं आज पयल्यांदा एवढा डोळा लागला. तू ये लवकर."

पुढे याद्यांच्या बैठकीत मानपानाचा विषय निघाला, तर त्या म्हणाल्या, "मला साडी नको का काय नको. ह्या पोराचं ते बोलणं सगळं रेकॉर्ड करून द्या."

माझ्या विषयात कुणी स्वतःहून रस दाखवण्याची ही पहिलीच वेळ. मी सुट्टी काढून, आकृत्या जमवून, बारकाव्यांसकट सगळं रेकॉर्ड केलं आणि आसामला पाठवलं. परवा फोनवर भीत भीत विचारलं, "मावशी, कसं वाटलं?"

"लय बेस सांगतोस रं," त्या म्हणाल्या. "रोज रातीला लावते. पर 'नमस्कार, मी' याच्या फुडं अजून गेले न्हाई."