नंदीच्या शिंगांवरचा हेडफोन

जुने हेडफोन जमवून दुरुस्त करायचा हेमराजचा नाद अख्ख्या सौसरला ठाऊक होता. किंमत मात्र कोणालाच नव्हती. घरचेसुद्धा सरळ ‘भंगार’ म्हणत. पांढुर्ण्यापासून नागपूरपर्यंतची दुकानं पालथी घालून आणलेला एकेक हेडफोन तो मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवी.

त्यातला एक त्याचा नव्हता. तो गुलाबभाऊंचा होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर ट्रंककॉल जोडून भाऊ रिटायर झाले, तेव्हा हा बंद पडलेला हेडफोन सोबत घेऊन आले. आता त्यांना ऐकायला कमी येई. “एकदा यातूनच रेडिओ ऐकाचा हाय रे,” एवढंच त्यांचं मागणं. हेमराजने वर्षभर वणवण करून आतली पातळ लोखंडी चकती मिळवली, कानाच्या गाद्या स्वतः शिवल्या. पोळा झाला की घेऊन जा, असं कबूल केलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात त्या तान्ह्या पोळ्याच्या दुपारी बघतो तर कपाट उघडं आणि कापड रिकामं! बायको म्हणाली, “वीरेंद्र घेऊन गेला ना, नंदी सजवाले.”

हेमराज तसाच मैदानावर धावला. मंचावर त्याचा साळा वीरेंद्र आपल्या लेकीचा, चंचलचा, लाकडी नंदी घेऊन मिरवत होता. नंदीच्या शिंगांवर गुलाबभाऊंचा हेडफोन! वर लाल ऑइलपेंट, त्यावर बेगड. लोंबते म्हणून वायर मुळापासून कापलेली. आणि माइकवर पुकारा झाला, पहिला नंबर! लोक टाळ्या पिटत होते. हेमराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कोनाले इचारून नेला बे?”

“काहून चिल्लावून राहिले, भाऊजी? पडूनच तर होता. नंबर भेटला ना, खुश व्हा!”

बक्षीस द्यायला वॉर्डातले वडीलधारे म्हणून नेमके गुलाबभाऊच उठले. त्यांनी चंचलच्या हाती डबा दिला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग नंदीकडे बघून थबकले. कापलेल्या वायरीचं टोक चाचपत त्यांनी विचारलं, “झाला होता का रे दुरुस्त?”

हेमराज त्यांच्या कानाशी वाकला. “झाला होता, भाऊ. काल मस्त वाजून राहिला होता.”

“भाऊ, इकडं पाहा, हसा जरा!” वीरेंद्रने मोबाइल धरला. आणि गुलाबभाऊ फोटोसाठी खरंच हसायला लागले.

हेमराज मोबाइलसमोर आडवा उभा राहिला. “फोटो नाही निघनार. पयले भाऊची माफी माग.”